थंडीत गाडीला सिरॅमिक कोटिंग लावताना: सात आठवड्यांची हकीकत

गाडीच्या रंगावरचे जुने वॅक्स उन्हाळा संपता संपता पार उतरले होते. पाण्याचे थेंब पूर्वीसारखे गोल होऊन घरंगळत नव्हते. पसरट होऊन जागच्या जागी बसत होते. पुढचे काही महिने मीठ टाकलेल्या ओल्या रस्त्यांवरून गाडी रोज चालवायची होती, म्हणून या वेळी वॅक्सऐवजी सिरॅमिक कोटिंग, म्हणजे रंगावर लावल्यावर कडक होऊन पारदर्शक थर बनणारा द्रव, लावायचे आणि तेही स्वतःच लावायचे, असे मी ठरवले आणि सगळे सामान आणून ठेवले. मात्र एकामागून एक कामे निघत गेली आणि प्रत्यक्ष सुरुवात व्हायला २३ नोव्हेंबर उजाडला. तेव्हापासून १३ जानेवारीपर्यंत ५१ दिवस गेले. त्यात दोन बाटल्या गोठून नासल्या, कोटिंगची एक बाटली वाया गेली, अख्खे बॉनेट घासून पुन्हा पहिल्यापासून करावे लागले आणि उत्पादकाशी पत्रव्यवहारही करावा लागला. थंडीत हेच काम करायला निघालेल्या कुणाचा तरी एखादा आठवडा आणि एखादी बाटली वाचावी, म्हणून घडले तसे लिहिते आहे.

२३ नोव्हेंबरच्या आदल्या रात्री पारा पहिल्यांदाच शून्याखाली गेला होता. शाम्पू, स्प्रे वॅक्स, प्लास्टिकला लावायचे ड्रेसिंग, लोहकण काढणारे द्रावण आणि कोटिंग असे सगळे सामान गाडी उभी करायच्या बंद खोलीतल्या फळीवर होते आणि त्या खोलीत गरम करण्याची कसलीही सोय नाही. सकाळी स्प्रे वॅक्सची बाटली उचलली तर आत बर्फाचा पांढरा गोळा होता. ती घरात आणून ठेवली. दुपारपर्यंत गोळा वितळला, पण बाटली हलवून प्रकाशात धरली तेव्हा दुधासारख्या एकजीव द्रावणाच्या जागी खाली पाणी आणि वर चुरलेल्या पनीरसारखे कण दिसले. असे का होते, ते समजून घेण्यासारखे आहे. अशा उत्पादनांमध्ये वॅक्सचे किंवा सिलिकॉन तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत ठेवलेले असतात. पाण्याचे स्फटिक होऊ लागले की उरलेल्या जागेत हे थेंब एकमेकांवर दाबले जातात, त्यांच्याभोवतीचे आवरण फाटते आणि ते एकत्र येऊन गुठळ्या होतात. एकदा असे झाले की बर्फ वितळला तरी थेंब पुन्हा वेगळे होत नाहीत. कितीही हलवले तरी ते मिश्रण कापडावर गुठळ्या आणि रंगावर ओघळ सोडते. प्लास्टिकच्या ड्रेसिंगचेही तेच झाले. दोन्ही बाटल्या टाकून द्याव्या लागल्या. शाम्पू मात्र मधासारखा घट्ट झाला होता, तो घरातल्या उबेत पूर्ववत झाला. ‘गोठण्यापासून जपा’ ही सूचना दोन्ही बाटल्यांच्या मागे बारीक अक्षरांत छापलेली होती आणि मी ती वाचलेली नव्हती. त्या दिवशी सगळे सामान घरातल्या कपाटात हलवले आणि प्रत्येक बाटलीच्या मागचा मजकूर पहिल्यांदाच नीट वाचला.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट लक्षात आली. काच धुण्याच्या टाकीत उन्हाळ्यातले पातळ केलेले द्रावण तसेच राहिले होते आणि नळीत बर्फ झाला होता. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते, त्यामुळे टाकी किंवा तिचा लहान पंप तडकू शकतो. माझा पंप वाचला, पण टाकी रिकामी करून थंडीसाठीचे अल्कोहोलयुक्त द्रावण भरण्यात दुपार गेली. हे द्रावण भरल्यावर एकदा काचेवर उडवून घ्यावे, म्हणजे नळीत उरलेले जुने पाणीही निघून जाते. धावत्या गाडीच्या गारठलेल्या काचेवर अल्कोहोल लवकर उडून जाते आणि मागे उरलेले पाणी तिथल्या तिथे गोठू शकते. म्हणून आधी आतून गरम हवा सोडून काच उबदार करावी आणि मगच द्रावण उडवावे. साचलेला बर्फ काढायला काचेवर गरम पाणी मात्र कधीही ओतू नये, काच तडकू शकते.

धुण्यासाठी ३० नोव्हेंबरपर्यंत थांबावे लागले, कारण मधल्या आठवड्यात दिवसाही पारा ३ अंशांच्या वर चढला नाही. ३० तारखेला दुपारी साडेबाराला हवा ७ अंश होती. सकाळी आठला सुरुवात करून दुपारपर्यंत मोकळे होण्याची माझी उन्हाळ्यातली सवय इथे उपयोगाची नव्हती. थंडीत धुण्याचे काम दुपारच्या दोन-तीन तासांतच उरकावे लागते आणि सूर्य कलायच्या आत गाडी कोरडी व्हावी लागते. बादल्यांमध्ये कोमट पाणी घेतले. कढत पाणी गारठलेल्या काचेसाठी वाईट, आणि कोमट पाण्यात शाम्पूही नीट विरघळतो. गार पाण्यात तो तळाशी लोळ होऊन बसतो आणि हातमोज्यावर कुठे जास्त, कुठे कमी येतो. आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने चाकांच्या कमानी, दरवाजांच्या खालच्या कडा आणि गाडीचा तळ यांवरचे मीठ काढले. हे आधीच करणे महत्त्वाचे आहे, कारण मिठाबरोबर वाळूचे खरखरीत कणही चिकटलेले असतात आणि ते हातमोज्याखाली आले की रंगावर ओरखडे उठतात. एका वेळी एकच भाग धुवायचा, लगेच पाणी मारायचे आणि पुढे सरकायचे, असे केले. जाड रबरी मोज्यांच्या आत पातळ लोकरी मोजे घातले होते, तरी तासाभराने बोटांची टोके बधिर झाली.

पुसताना मला वाटले होते की सगळे पाणी निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी डाव्या बाजूचा मागचा दरवाजा उघडेना. रबराच्या पट्टीत राहिलेले पाणी गोठले होते. अशा वेळी मूठ धरून ओढली तर रबर फाटते. मी दरवाजा आतल्या बाजूला तळहाताने चार-पाच ठिकाणी दाबला, बर्फ तडकल्याचा बारीक आवाज आला आणि मग तो सुटला. तेव्हापासून धुऊन झाल्यावर सगळे दरवाजे आणि डिकी उघडून रबराच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसते आणि आरशांच्या, दिव्यांच्या फटींतले पाणी हवेच्या झोताने उडवते. रबराला सिलिकॉन लावले की ते चिकटत नाही, हे मला ठाऊक होते. पण कोटिंग लावायचे बाकी असताना सिलिकॉनचा फवारा रंगावर उडाला तर कोटिंग तिथे धरत नाही, म्हणून ते काम मुद्दाम शेवटासाठी ठेवले. धुतल्यावर थोडे अंतर गाडी चालवून ब्रेक हलके दाबत राहावेत, म्हणजे डिस्कवरचे पाणी सुकते आणि ब्रेक रात्री गोठून बसत नाहीत.

७ डिसेंबरला रंगात रुतलेले कण काढायला घेतले. लोहकण काढणारे द्रावण लोखंडाच्या कणांशी रासायनिक क्रिया करून जांभळे होते आणि उन्हाळ्यात हा रंग दोन-तीन मिनिटांत दिसतो. त्या दिवशी हवा ८ अंश होती आणि जांभळे ओघळ दिसायला सात मिनिटे लागली. तापमान १० अंशांनी उतरले की रासायनिक क्रियेचा वेग ढोबळमानाने निम्मा होतो, हा शाळेत शिकलेला ठोकताळा त्या बॉनेटवर डोळ्यांसमोर दिसला. घाई करून पुन्हा फवारण्याऐवजी थांबावे. फक्त द्रावण सुकू देऊ नये, आणि गार हवेत वारा असेल तर ते कडांना सुकते, म्हणून माझी नजर सतत कडांवर होती. क्लेची वडी, म्हणजे रंगावर फिरवून रुतलेले कण उचलणारा मऊ गोळा, गारठून खडूसारखी कडक झाली होती आणि वाकवली तर तुटत होती. ती कोमट पाण्याच्या वाटीत बुडवून मळत राहिले आणि दर चार-पाच मिनिटांनी पुन्हा वाटीत टाकली. कडक क्ले रंगावर फिरवली तर ती कण उचलण्याऐवजी ओरखडे काढते. एरवी दोन तासांत होणाऱ्या या कामाला मला साडेचार तास लागले.

आता ज्या दिवसाबद्दल मुख्यत्वे लिहायचे आहे त्या १४ डिसेंबरकडे येते. कोटिंगच्या खोक्यावर ‘१० ते २५ अंश सेल्सियस’ असे लिहिलेले होते. कशाचे तापमान, हे लिहिलेले नव्हते आणि मी ते हवेचे समजले. सकाळी माझ्या बंद खोलीतली हवा ५ अंश होती. माझ्याकडे गॅसवर चालणारा एक लहान हीटर होता. तो तासभर चालवला, दार थोडे किलकिले ठेवले, कारण बंद जागेत असा हीटर कार्बन मोनॉक्साइड साठवू शकतो, आणि भिंतीवरच्या तापमापकावर ११ अंश दिसल्यावर हीटर बंद केला. कोटिंगमधले द्रावक ज्वालाग्राही असतात, त्यामुळे बाटली उघडायच्या आधी ज्योत विझलेली असली पाहिजे, एवढी काळजी मी घेतली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोलने बॉनेट पुसले, बाटली उघडली आणि साधारण ५० सेंटिमीटरच्या चौकोनात, आधी उभे आणि मग आडवे, असे कोटिंग लावायला सुरुवात केली.

सूचनेप्रमाणे कोटिंग लावल्यावर एक ते तीन मिनिटे थांबायचे, पृष्ठभागावर इंद्रधनुष्यासारखी छटा आली की कापडाने पुसायचे. तीन मिनिटे झाली, छटा आलीच नाही. पाच मिनिटांनी काही ठिकाणी आली, काही ठिकाणी नाही. पुसायला घेतले तर कापड घसरण्याऐवजी तेलकट रेषा ओढत गेले. वाटले, प्रकाश कमी आहे म्हणून असे दिसत असेल आणि मी पुढच्या चौकोनाकडे वळले. एकूण सहा चौकोन झाले, म्हणजे सगळे बॉनेट झाले. मग बॅटरीचा दिवा तिरका धरून पाहिले. बॉनेटच्या मध्यभागी काचेवर श्वास सोडल्यावर येते तशी दुधाळ छटा होती आणि कडेला जाड, गडद पट्टे. पुन्हा पुसले, अल्कोहोलने पुसले, काही निघाले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेडात ते आणखी स्पष्ट दिसले. ती सकाळ मला फार जड गेली. तीन आठवडे थांबून, प्रत्येक पायरी जपून केल्यावर गाडी होती त्याहून वाईट दिसत होती आणि नेमके काय चुकले ते कळत नव्हते.

१५ डिसेंबरला उत्पादकाला कळवले. त्यांच्याकडून एक अर्ज आला. त्यात खरेदीची पावती, बाटलीच्या तळावरचा बॅच क्रमांक, बाटली उघडल्याची तारीख, लावल्याची वेळ, हवेचे तापमान, सापेक्ष आर्द्रता, पृष्ठभागाचे तापमान आणि निरनिराळ्या कोनांतून काढलेली चार छायाचित्रे मागितली होती. बॅच क्रमांक सापडायला वेळ लागला, कारण तो खोक्यावर नसून बाटलीच्या तळाशी फिकट शाईत होता. तुम्ही खोके आणि बाटली दोन्ही काम पूर्ण होईपर्यंत टाकू नका. आर्द्रता आणि पृष्ठभागाचे तापमान हे दोन रकाने मला रिकामे सोडावे लागले. अर्ज पाठवल्यावर तो रिकामा रकानाच मनात राहिला. पृष्ठभागाचे तापमान ते वेगळे का विचारतात?

१७ तारखेला मी एक इन्फ्रारेड थर्मामीटर आणि एक आर्द्रतामापक आणला आणि १४ तारखेची सकाळ जशीच्या तशी पुन्हा घडवली, फक्त बाटली न उघडता. हीटर तासभर चालवला. हवा ११ अंश झाली. आर्द्रता ८२ टक्के होती. बॉनेटवर थर्मामीटर रोखला तर त्यावर ७ अंश आले. मी बॉनेटवरून बोट फिरवले आणि बोटामागे एक काळी, स्वच्छ रेघ उमटली. पूर्ण पत्र्यावर दवाचा इतका बारीक थर होता की बोट फिरवल्याशिवाय तो दिसतच नव्हता.

मग सगळे एकमेकांशी जुळले. हवा लवकर तापते, पत्रा सावकाश तापतो, आणि त्याला टेकलेले इंजिन, चॅसी आणि चाके तर त्याहूनही सावकाश. शिवाय गॅस जळताना पाण्याची वाफ तयार होते. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोहून अधिक पाणी हवेत मिसळते. म्हणजे हीटरने हवा उबदार करता करता दमटही केली होती. ११ अंश आणि ८२ टक्के आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचे दव होऊ लागते तो, सुमारे ८ अंश येतो, आणि पत्रा त्याच्याही खाली होता. हिशेबाची एक सोपी पद्धत आहे: आर्द्रता ५० टक्क्यांच्या वर असेल तेव्हा १०० टक्क्यांपासून ती जितकी कमी, त्याच्या प्रत्येक ५ टक्क्यांमागे हवेच्या तापमानातून एक अंश वजा करायचा, की दवबिंदू अंदाजे कळतो. रंगकामातला जुना नियम असा की पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश उबदार असावा. त्यात कोटिंगमधला द्रावक उडताना पत्र्यातली आणखी उष्णता घेऊन जातो, हाताला अल्कोहोल लावल्यावर गार लागते तसे. सिरॅमिक कोटिंग हवेतल्या ओलाव्याशी क्रिया करूनच कडक होते, त्यामुळे थोडी आर्द्रता त्याला हवीच असते. पण पत्र्यावर पाण्याचा थर आला तर कोटिंग पारदर्शक न राहता ढगाळ होते. द्रावक गारव्यामुळे सावकाश उडत होता आणि खालून दव चढत होते, असे दोन्ही एकाच वेळी माझ्या बॉनेटवर घडले होते.

या थर्मामीटरबद्दल एक सूचना: रंगावर आणि काचेवर तो बऱ्यापैकी बरोबर दाखवतो, पण क्रोमसारख्या चकचकीत धातूवर फसवतो. तिथे कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावावा आणि त्यावर रोखावा.

उत्पादकाचे उत्तर २९ डिसेंबरला आले. पृष्ठभागाचे तापमान मर्यादेत असल्याचा पुरावा नसल्यामुळे हमी लागू होत नाही, असे त्यात म्हटले होते आणि सोबत जोडलेल्या तांत्रिक पत्रकात ‘पृष्ठभागाचे तापमान १० ते २५ अंश’ असे स्पष्ट शब्द होते. तो एक शब्द खोक्यावर असता तर हे सगळे घडले नसते, असे मी त्यांना लिहिले आणि आजही माझे तेच म्हणणे आहे. त्यांच्या निर्णयाशी मी वाद घातला नाही, कारण मोजणी मी खरोखर केलेली नव्हती. कोणतेही कोटिंग घेण्याआधी त्याचे तांत्रिक पत्रक मागून घ्या. खोक्यावर जागेअभावी गाळलेले बरेच काही त्यात असते. उघडलेली बाटली मात्र गेलीच. अर्धी शिल्लक होती, पण दोन आठवड्यांत आत शिरलेल्या दमट हवेने तिच्या तोंडाशी पांढरे खडे जमले होते. नवी बाटली घ्यावी लागली.

माझ्या खोलीत पत्रा १० अंशांच्या वर नेऊन रात्रभर तिथेच ठेवणे शक्य नाही, हे आता उघड होते. गाड्यांच्या कामासाठी तासांवर भाड्याने मिळणाऱ्या एका गरम खोलीची चौकशी केली. तिथल्या व्यवस्थापकांनी ३ जानेवारीला एक अर्ज दिला: कोणते रसायन, किती मिलिलिटर, किती वेळ, हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था काय, आणि सोबत प्रत्येक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक, म्हणजे सेफ्टी डेटा शीट. हे पत्रक मी पहिल्यांदाच पाहिले. त्याचे ठरलेले १६ विभाग असतात. सातव्यात साठवण्याच्या अटी असतात, त्यात गोठण्यापासून जपायचे की नाही तेही बहुतेक वेळा लिहिलेले असते, आणि नवव्यात ज्वलनांक (फ्लॅश पॉइंट), गोठणबिंदू असे भौतिक गुणधर्म. कोटिंग, आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पॉलिश अशी तीन पत्रके जोडली. अल्कोहोलचा ज्वलनांक सुमारे १२ अंश आहे, म्हणजे १८ अंशांच्या खोलीत त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते, हे वाचल्यावर अर्जातला खेळत्या हवेचा रकाना मला त्रासदायक वाटेनासा झाला. परवानगी ७ जानेवारीला मिळाली. तुम्हाला असे काही करायचे असेल तर ही पत्रके आधीच मिळवून ठेवा. माझे दोन दिवस फक्त पॉलिशचे पत्रक मिळवण्यात गेले.

१० जानेवारीला संध्याकाळी सहा वाजता गाडी आत घेतली. खोली १८ अंश, आर्द्रता ५० टक्के. पत्रा ४ अंश. दारातून आत येताच दहा मिनिटांत सगळी गाडी पावसातून आल्यासारखी ओली झाली. घाबरण्याचे कारण नव्हते, हे आता मला ठाऊक होते. त्या हवेचा दवबिंदू सुमारे ८ अंशांच्या आतबाहेर होता आणि पत्रा त्याच्या खाली. गाडी तशीच सोडून घरी गेले. ११ तारखेला सकाळी आठ वाजता छत आणि बॉनेट १७ अंश, दरवाजांच्या खालच्या कडा १६ आणि चाके १४. दवाचा मागमूस नव्हता.

बॉनेटवरचे जुने कोटिंग शाम्पूने किंवा अल्कोहोलने निघत नाही, कारण ते आता रंगाला घट्ट चिकटलेले असते. पॉलिश आणि मशीनने ते घासूनच काढावे लागले आणि त्यात पावणेतीन तास गेले. मग पॉलिशचे तेल अल्कोहोलने पुसून अर्धा तास थांबले. माझ्या खोलीतल्या गारव्यात अल्कोहोलचे पट्टे रेंगाळत होते. इथे ते डोळ्यांदेखत उडून गेले.

दुपारी एकला नवी बाटली उघडली. प्रत्येक चौकोनाआधी पत्र्याचे तापमान वहीत लिहिले, हा वेळखाऊपणा मी जाणूनबुजून केला. १७ अंशांवर दीड मिनिटात ती इंद्रधनुषी छटा आली, आधी कडांना आणि मग आत सरकत मध्यापर्यंत, आणि कापड फिरवल्यावर खाली नुसता रंग उरला, खोल आणि स्वच्छ. बॉनेटचा पहिला चौकोन पुसून झाल्यावर मी दिवा तिरका धरून कितीतरी वेळ पाहत राहिले. पूर्ण गाडीला साडेतीन तास आणि जवळपास ३० मिलिलिटर कोटिंग लागले. प्रत्येक भागासाठी वेगळे कापड घ्यावे. कापडात राहिलेले कोटिंग तासाभरात कडक होते आणि तेच कापड पुन्हा वापरले तर ओरखडते.

त्यानंतर गाडी नुसती उभी होती. पहिले २४ तास पाणी लागू द्यायचे नाही, अशी अट होती. बाहेर गारठा असल्याने मी जवळपास ४० तास ठेवली. भाड्याचा मोठा भाग या उभ्या तासांचाच झाला आणि आतला खर्च कमी करायचा मोह तिथेच होतो. तो करू नये असे मला वाटते, कारण कोटिंगची घट्ट होण्याची क्रियाही गारव्यात मंदावते आणि अर्धवट कोटिंगवर पहिल्याच रात्री दव किंवा मिठाचे पाणी बसले तर डाग राहतात. १३ जानेवारीला सकाळी गाडी बाहेर काढली. त्याच दिवशी उत्पादकाचा हमी नोंदणी अर्ज भरला. या वेळी एकही रकाना रिकामा नव्हता. वहीच्या पानाचे छायाचित्रही जोडले.

पुढचा आठवडा शाम्पू वर्ज्य होता. त्या काळात रबराच्या पट्ट्यांना सिलिकॉन लावले, फवारा न मारता फडक्यावर घेऊन. त्याचा डबा गारठ्यात नीट फवारत नव्हता, कारण आतला दाब थंडीने उतरतो. तो अर्धा तास घरात ठेवला. असे डबे हीटरवर किंवा कढत पाण्यात ठेवू नयेत, ५० अंशांच्या वर नेऊ नका असे त्यांच्यावरच छापलेले असते.

२४ जानेवारीला दुपारी एक वाजता, हवा ६ अंश असताना, कोटिंगनंतरची पहिली धुलाई केली. दरवाजांच्या खालच्या भागावर मिठाचा करडा थर होता. नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने त्यातला बराचसा सुटून खाली गेला, उरलेला शाम्पूच्या एका हाताने निघाला आणि पुसायला एरवीच्या निम्मे पाणी उरले. तरी दरवाजे, डिकी आणि फटी तितक्याच नेटाने कोरड्या केल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे उणे ४ अंश होते. डाव्या बाजूचा मागचा दरवाजा एका बोटाने उघडला.